न दुखणारी जखम

वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाबद्दल कुणी शिकवू नये. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की तेवढ्यापुरते आपण देशाच्या बातम्यांत झळकतो. दुपट्टा, खिशात कांदा, कैरीचं पन्हं, माठातलं पाणी ही यादी इथल्या लहान लेकरालाही पाठ असते. त्यामुळे 'कातडीचा कॅन्सर कसा टाळावा' असं काही वाचलं की आपल्याला वाटतं, हे आपल्यासाठीच असणार. एवढं ऊन आणखी कुठे आहे?

गंमत अशी की तसं नाहीये. ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात कातडीच्या कॅन्सरमागे मुख्यतः उन्हातले अतिनील किरण असतात. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं आणि ते यातले बरेच किरण वरच्यावर अडवतं. शिवाय पारा म्हणजे अतिनील किरण नव्हेत. लू लागून माणूस मरतो, पण लू लागल्याने कॅन्सर होत नाही. उन्हाचा खरा धोका असतो तो जन्मतःच कातडीत, केसांत, डोळ्यांत रंग नसलेल्या मुलांना, म्हणजे डॉक्टर ज्याला अल्बिनिझम म्हणतात तो असलेल्यांना. या मुलांना लांब बाह्यांचा सदरा, रुंद कडेची टोपी आणि सावलीतला बाक लहानपणापासून मिळालाच पाहिजे. त्यांच्या बाबतीत हा औषधोपचारच आहे.

मग आपल्याकडे कातडीचा कॅन्सर होतो कशाने? त्याची एक मोठी वाट जखमेतून जाते. स्टोव्हच्या भडक्याने भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं न भरलेला पायाचा घाव, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरची जखम. अशा जागी कातडी सतत भरून यायचा प्रयत्न करते, परत फाटते, परत भरते. हा खेळ वीस-तीस वर्षं चालला की कधीतरी त्या पेशींचा हिशेब चुकतो आणि तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर उभा राहतो. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये जुन्या व्रणांवरच्या अशा वाढीचं वर्णन केलं, म्हणून याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये 'धोतराचा कॅन्सर' नोंदवला. कमरेला धोतराची गाठ रोज त्याच जागी घासून होणारा. म्हणजे आपल्या कातडीच्या कॅन्सरचा इतिहास उन्हापेक्षा घासण्याचा, भाजण्याचा आणि दुर्लक्षाचा जास्त आहे.

यातली सगळ्यात वाईट जखम कुठली? जी दुखत नाही ती.

कुष्ठरोगाचे जंतू कातडीइतकेच नसांवर हल्ला करतात. नस मेली की पायाच्या तळव्याला काही कळत नाही. काटा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला, चपलेचा खिळा वर आला, तरी माणूस चालत राहतो, कारण 'थांब' म्हणून ओरडणारं आत कुणी उरलेलं नसतं. हात-पाय 'झडतात' ते रोगाने असं शेकडो वर्षं मानलं गेलं. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९५० च्या आसपास दाखवून दिलं की बोटं मुख्यतः न कळलेल्या इजांनी आणि त्यात झालेल्या संसर्गाने जातात. वेदना ही पायाची राखणदार असते. ती गेली की पाय बेवारस होतो. अशा तळव्यावरची जखम पंधरा-वीस वर्षं वाहत राहिली, तर तिथेही तोच मार्जोलिनचा कॅन्सर होऊ शकतो, आणि मग अनेकदा पाय कापावा लागतो.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. बंद पडलेला सर्व्हर 'मी बंद पडलोय' असं स्वतःहून सांगत नाही. म्हणून दुसरा एक प्रोग्राम त्याला दर मिनिटाला विचारत राहतो, 'बाबा रे, आहेस का?' उत्तर आलं नाही की घंटा. बधिर पायाचं अगदी तसंच आहे. आणि माझ्या मते ज्या लेकराला कुणी नाही त्याचंही. हरवलेलं, टाकून दिलेलं, बोलता न येणारं मूल तक्रार करत नाही. ते फक्त दिसेनासं होतं. त्याच्यासाठी कुणीतरी रोज विचारणारं लागतं. या एका निकषावर वऱ्हाडाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास तपासून पाहावा म्हणून हा लेख.

सुरुवात दुष्काळापासून. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००. दुसऱ्याला गुजरात-राजस्थानात अजून 'छप्पनिया' म्हणतात, कारण ते संवत १९५६ होतं. वऱ्हाड म्हणजे काळी कसदार जमीन आणि कापसाचं पांढरं सोनं, इथे दुष्काळ कसला, अशी तोवरची समजूत होती. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ राहिली बाजूला, जवळपास दीड लाख माणूस कमी. भूक आणि तिच्या मागून येणारा कॉलरा. अशा वेळी सगळ्यात आधी घर मोडतं. बाप कामाच्या शोधात जातो, माय गरीबखान्यात मरते आणि मूल उरतं.

या उरलेल्या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न इंग्रज सरकारच्या दुष्काळसंहितेलाही पडला होता. धोरण असं होतं की आधी नातेवाईक शोधावेत, ते नसतील तर मुलाच्याच धर्माचं कुणी, आणि कुणीच पुढे आलं नाही तर घेईल त्या संस्थेला द्यावं. कागदावर हे ठीकच आहे. प्रत्यक्षात दारात उभ्या असत त्या बहुतेक मिशनच्या संस्था. अकोल्यात अमेरिकन अलायन्स मिशनने मुलांचं अनाथालय चालवलं, खामगावला मुलींचं. त्याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात जाऊन निराधार मुली गोळा करत होत्या आणि त्यांना पुण्याकडे, पुढे केडगावच्या मुक्तिसदनात नेत होत्या. रमाबाई स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या. भाऊ आणि त्या पायी भारतभर फिरलेल्या. त्यामुळे वाटेवरचं लेकरू काय असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

धर्मांतराच्या वादात इथे शिरत नाही. तो खरा वाद आहे आणि त्याला दोन्ही बाजू आहेत. पण एक गोष्ट तरीही टोचते. नियमात 'स्वधर्मीय' पहिल्या रांगेत होते. ते आले कमी.

त्याच वर्षांत दुसरा कायदा झाला, १८९८ चा लेपर्स ॲक्ट. सरकार जिथे लागू करेल तिथे, भीक मागणारा कुष्ठरोगी दिसला तर पोलिसाने वॉरंटशिवाय त्याला पकडावं आणि आश्रमात डांबावं, अशी त्यात सोय होती. सार्वजनिक विहीर, खाद्यपदार्थांचा धंदा, भाड्याची गाडी, या सगळ्यांवर बंदी घालता यायची. म्हणजे सरकारची नजर रुग्णावर होती, पण ती त्याच्या पायाकडे बघत नव्हती. त्याला रस्त्यावरून हलवणं एवढंच काम. हा कायदा रद्द झाला २०१६ साली. हो, दोन हजार सोळा! कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणं थांबायला २०१९ उजाडलं.

आणि रुग्णांची मुलं? कुष्ठरोग आनुवंशिक नाही. आईला रोग असला तरी मूल तो घेऊन जन्माला येत नाही. हे कळल्यावर मिशनच्या आश्रमांनी निरोगी मुलांना आईबापांपासून वेगळं काढून दुसऱ्या इमारतीत ठेवायला सुरुवात केली. 'निष्कलंक मुलांचं घर' अशा अर्थाचं नाव त्या इमारतींना असे. औषध नव्हतं तेव्हा संसर्ग टाळायचा हा एकच मार्ग दिसत होता, हे मान्य. पण आई कुंपणाच्या पलीकडे जिवंत असताना अनाथ म्हणून वाढणाऱ्या मुलांची एक आख्खी पिढी त्यातून तयार झाली.

आता अमरावती. इथे एक आखाडा आहे. १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी सुरू केलेला हनुमान आखाडा, पुढचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथलीच मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेली होती. या मंडळाच्या उभारणीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, मोठे कार्यकर्ते. मूळचे जमखंडीकडचे, व्यवसायाने डॉक्टर, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंग पाहिलेले. सुदृढ शरीराचा एवढा ध्यास असलेल्या माणसाने १९४६ मध्ये अमरावतीबाहेर श्री जगदंबा कुष्ठनिवास काढला. लोक त्याला 'तपोवन' म्हणू लागले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्येच हे काम सुरू केलं होतं. बाबा आमट्यांचं आनंदवन नंतरचं.

तपोवनचं वेगळेपण मला कुठे वाटतं? रुग्णाच्या हाताला काम दिलं यात तर आहेच. पण त्याहून जास्त, तिथे रुग्णाचं अख्खं कुटुंब माणसं म्हणून हिशेबात घेतलं गेलं. शेती, उद्योग, मुलांची शाळा, मुलांचं राहणं. गावाने वाळीत टाकलेल्या बाईच्या लेकराला पाटी-पुस्तक मिळणं ही १९५० च्या आसपासच्या विदर्भात साधी गोष्ट नव्हती. गावच्या शाळेत बाकी पालक त्याला शेजारी बसू देत नसत.

पुढे औषध आलं. आधी डॅप्सोन, मग १९८३ पासून बहुविध औषधोपचार, जो सुरुवातीला दिला गेलेल्या जिल्ह्यांत आपला शेजारी वर्धा होता. वर्ध्यातच १९५१ पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली एक पद्धत बसवली होती. कार्यकर्त्याने रुग्णाची वाट बघत दवाखान्यात बसायचं नाही. गावात जायचं, घरोघरी कातडी बघायची, माहिती द्यायची, तिथेच गोळ्या द्यायच्या. आज ऐकायला किती साधं वाटतं! पण पोलिसाने पकडायला येणं आणि कार्यकर्त्याने बघायला येणं यात पन्नास वर्षांचं अंतर आहे. डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं आणि सरकारने कुष्ठरोग 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' संपल्याचं जाहीर केलं.

इथेच एक घोळ झाला. समस्या संपली म्हटल्यावर बघणारे कमी झाले. जंतू मेले, पण मेलेल्या नसा काही परत आल्या नाहीत. बरा झालेला माणूस सरकारी यादीतून बाहेर पडतो, त्याचा बधिर तळवा मात्र त्याच्याबरोबर आयुष्यभर चालत असतो. त्याला रोजची चार कामं लागतात. संध्याकाळी पाय पाण्यात भिजवणं, कडक झालेली कातडी दगडाने हलकेच घासणं, तेल लावणं आणि उजेडात तळवा नीट बघणं. शिवाय मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, खिळे नसलेली चप्पल. एवढं झालं तर जखम होत नाही. जखम नाही तर वीस वर्षांनी कॅन्सरही नाही. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे, तिथल्यासारख्या ठिकाणी हीच शिकवण देतात. वऱ्हाडातला कातडीच्या कॅन्सरचा प्रतिबंध बघायचा तर सनस्क्रीनच्या दुकानाआधी तिथे जावं.

त्याच अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ, वझ्झर आहे. शंकरबाबा पापळकरांनी १९९० च्या सुमारास तिथे सुरू केलेल्या बालगृहाचं नाव बघा: कै. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृह. तेच वैद्य, आखाड्याचे. शंकरबाबा गाडगेबाबांच्या वाटेवरचे. आधी 'देवकीनंदन गोपाला' नावाचं नियतकालिक चालवायचे. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, कचराकुंडीपाशी सापडलेली मुलं तिथे येऊ लागली. बहुतेक अपंग. शंभरावर मुलांच्या कागदांवर वडिलांच्या नावाच्या रकान्यात शंकरबाबांचं नाव लागलं. मुलांनी आणि बाबांनी मिळून टेकडीवर हजारो झाडं वाढवली. काही शिकली, नोकरीला लागली, काहींची लग्नं झाली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांनी लावून धरलेला एक प्रश्न. अठरा वर्षांचा. बालगृह मुलांसाठी असतं आणि कायद्याने मूल म्हणजे अठराच्या आतलं. घर असलेला मुलगा अठराचा झाला की मतदार होतो. बेवारस, बोलता न येणारी, स्वतः जेवता न येणारी मुलगी अठराची झाली की तिने जायचं कुठे? २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरानंतर साधारण एकविसापर्यंत आधार द्यायची तरतूद आहे. ज्याला कामधंदा शिकता येतो त्याच्यासाठी ती बरी आहे. पण ज्याचं वय वाढतं आणि गरज तेवढीच राहते, त्याचं काय? शंकरबाबांनी अशा मुलांना नियमाप्रमाणे बाहेर काढलं नाही आणि अशांना आजीवन सांभाळण्याचा कायदा करा, असं ते वर्षानुवर्षं सरकारला सांगत आले.

कातडी आणि लेकरू हे दोन विषय वझ्झरसारख्या जागी अगदी शब्दशः एकत्र येतात. हलता न येणाऱ्या मुलाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. ते सांगू शकत नाही की दुखतंय. पांघरूण काढून कुणीतरी बघावं लागतं. अठराव्या वाढदिवसाला हे बघणारे हात काढून घेतले, तर त्या जखमेचं पुढे काय होतं हे वर लिहिलंच आहे.

तरीही नुसतं 'बाबा थोर' म्हणून थांबणं मला पटत नाही. एका माणसाच्या डोळ्यांवर उभं असलेलं घर त्या माणसाच्या वयाबरोबर म्हातारं होतं. शिवाय प्रत्येक संस्थेच्या प्रमुखाचे डोळे तसेच असतील याची खात्री काय? बंद दारामागे मुलांवर अत्याचार होण्याचा धोका असतो, म्हणून तर २०१५ च्या कायद्यात प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे आणि बाहेरच्या समित्यांनी तपासणी करायची आहे. कागदपत्रं फार वाढली अशी तक्रार संस्थावाले करतात, ती काही अंशी खरीही असेल. पण जो मुलांना बघतो त्यालाही कुणीतरी बघायला हवं.

कायद्याने एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट केली आहे. एकटं मूल सापडलं की चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचं. 'आमच्याकडे राहू द्या, पोर गोड आहे' असं म्हणून घरी न्यायला परवानगी नाही, मनात कितीही चांगलं असलं तरी. कारण हरवलेल्या मुलाची माय दुसऱ्या टोकाला शोधत असू शकते, आणि मूल नोंदीतच नसेल तर ती शोधणार कुठे? दुष्काळातल्या लेकरांपाशी हेच नव्हतं. कोण कुठून आलं याची पुढे विचारता येईल अशी नोंद.

गाडगेबाबांचं नाव वर आलंच आहे. शेंडगावचा डेबूजी बाप गेल्यावर मामाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला वाढला. ज्याला मामा मिळाला असं एक बिनबापाचं पोर. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. टाटा हॉस्पिटलात उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक १९८४ पासून तिथे राहतात. विदर्भ एक्स्प्रेसने अकोल्याहून, बडनेऱ्याहून फाइल छातीशी धरून निघालेल्या कितीतरी लोकांना तो पत्ता माहीत असतो. ती धर्मशाळा आहे हे फार चांगलंच आहे. पण कातडीच्या कॅन्सरसाठी तिथवर जाणाऱ्यांतले काही जण आधीच वाचू शकले असते.

म्हणून शेवटी थोडं कामाचं. घरात आजी-आजोबांपैकी कुणाला मधुमेह असेल, पाय बधिर असतील, किंवा जुना कुष्ठरोग बरा झालेला असेल, तर आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः त्यांचे तळवे उजेडात बघा. त्यांना वाकून दिसत नाही. कुणाच्या अंगावर भाजल्याचा जुना व्रण असेल आणि त्यावर नव्याने फोड आला, कडा जाड होऊन वर आल्या, रक्त किंवा घाण वास येऊ लागला, किंवा कुठलीही जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांना थेट विचारा की बायोप्सी करायची का. तुकडा तपासणं ही छोटी गोष्ट आहे.

आणि बडनेऱ्याला, अकोल्याला किंवा कुठल्याही स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर १०९८ हा नंबर लावा किंवा रेल्वे पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. गाडी चुकली तर चुकू द्या, मागून दुसरी असते.